एकच उतारा, अनेक शैली : सांगली-साताऱ्यात राहून अभिनयाचा अभ्यास कसा सुरू करावा

अभिनय शिकायला येणारी बहुतेक मुलं पहिल्याच दिवशी सांगतात, "सर, मला नाटकी करायचं नाही, नॅचरल करायचंय." म्हणजे मोबाइलवर बघितलंय तसं. त्यात वाईट काही नाही. पण नॅचरल हीसुद्धा एक शैलीच आहे. कुणीतरी, कुठल्यातरी काळात, बराच खटाटोप करून ती घडवली आहे आणि नुसतं पुटपुटत बोलल्याने ती येत नाही. माझं मत असं, की ज्याला आधी मोठं करता येतं त्याला पुढे लहान करायला शिकवता येतं. उलट्या दिशेने जाणं फार जड जातं. म्हणून या लेखात मोठ्या शैली आधी घेतल्या आहेत आणि कॅमेरा शेवटी. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत त्यासाठी लागणारं बरंचसं घराजवळच सापडतं.

तयारी म्हणाल तर एक वही, एक मोबाइल, समोर बसायला एक सोबती आणि काही महिने रोजचा तासभर वेळ.

पायरी १ : उतारा ठरवा

सगळ्या शैलींसाठी एकच उतारा वापरायचा. उतारा बदलत गेलात तर फरक शैलीमुळे पडला की मजकुरामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. गाजलेलं स्वगत घेऊ नका, कारण त्यात आधीच कुणाचा तरी आवाज वाजत असतो आणि तुम्ही नकळत त्याची नक्कल करता. आपल्या आसपासचं पाच-सहा वाक्यांचं काहीही चालेल. मी नवीन मुलांना देतो तो उतारा असा :

"आबा, ऊस जाऊन तीन महिने झाले. बिलाचं कुणी नाव काढत नाही. मी आज कारखान्यावर जाऊन आलो. साहेब म्हणाले, सोमवारी या. कुठल्या सोमवारी, ते नाही म्हणाले."

पंचविशीतला मुलगा बापाला सांगतोय, एवढंच. राग, दुःख, विनोद यातलं काहीही उताऱ्यात लिहिलेलं नाही. ते तुम्ही आणायचं आणि प्रत्येक शैलीत वेगळं आणायचं.

पाठ करताना मात्र काहीच आणू नका. सपाट, भराभर, गाडी पुसताना किंवा भांडी घासताना म्हणा. पाठांतरातच हेल बसला तर तो प्रयोगापर्यंत सोडत नाही. "सोमवारी या" हे एकाच चालीत म्हणायची सवय झालेला मुलगा पुढे दिग्दर्शकाने दहा वेळा सांगूनही तिथेच घसरतो.

पायरी २ : आवाज आणि अंग

सकाळी मोकळ्या मैदानावर किंवा कृष्णेच्या घाटावर जा. सोबत्याला हाकेच्या अंतरावर उभं करा आणि उतारा म्हणा. ओरडायचं नाही. प्रत्येक शब्द त्याला कळला पाहिजे. कळला नाही तर त्याने हात वर करायचा.

हात बहुधा वाक्याच्या शेवटी वर जातो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो आणि नवख्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. "नाव काढत नाही" मधला "नाही" गिळला गेला की मागच्या रांगेतल्या माणसाला उलटाच अर्थ कळतो. त्यामुळे श्वास वाक्याच्या सुरुवातीला उधळू नका, शेवटच्या दोन शब्दांसाठी राखून ठेवा. दीर्घ श्वास, 'आ'कार, ओठ-जिभेचे व्यायाम हे सगळं कुठल्याही शिबिरात सांगतात, तेही करा. पण वाक्याचा शेवट सांभाळणं ही मराठी नटाची खास गरज आहे आणि ती कुणी फारशी सांगत नाही.

बोलीबद्दल एक. आपल्याकडचा "जाऊन आलो की", "काय सांगायलाय" हा बाज घालवू नका. प्रमाण मराठी दुसरी भाषा शिकावी तशी वेगळी शिका आणि दोन्ही हाताशी ठेवा. साताऱ्याकडची बोली आज मालिकांत मुख्य पात्रांच्या तोंडी आहे. ती अस्सल बोलणारा नट मिळाला तर दिग्दर्शकाला हवाच असतो. फक्त बोली आणि अस्पष्ट बोलणं यांत गल्लत करू नका.

अंगासाठी भरताच्या नाट्यशास्त्रातली चार खाती पुरतात. आंगिक म्हणजे देहाचं, वाचिक म्हणजे बोलण्याचं, आहार्य म्हणजे वेश, रंगभूषा आणि वस्तूंचं, आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणारं. यातल्या शेवटच्याला लोक गूढ समजतात. नाट्यशास्त्राने त्याची आठ रूपं सांगितली आहेत : स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणं), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उतरणं), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणं). सगळी दिसणारी किंवा ऐकू येणारी. कुठलंही नाटक बघताना वहीच्या पानावर हे चार रकाने पाडा आणि नटाने कुठल्या खात्यातून काम काढलं ते टिपा. दहा-बारा प्रयोग असे बघितले की एखाद्या कामाला नुसतं "भारी" म्हणून तुमचं भागणार नाही.

नाट्यशास्त्रातच लोकधर्मी आणि नाट्यधर्मी अशी एक विभागणी आहे. लोकव्यवहाराला धरून चालणारं ते लोकधर्मी, रंगभूमीच्या संकेतांवर चालणारं ते नाट्यधर्मी. पुढची प्रत्येक शैली या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते, ते स्वतः ठरवा.

पायरी ३ : मोठ्या शैली, घराजवळून

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीतास्वयंवर' केलं. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि तसं काही मराठीत करावं, ही राजाची इच्छा होती. त्या खेळात सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं प्रसंगाला धरून आयत्या वेळी बोलायची. राक्षस आरडाओरडा करत, 'अललडुर्र' करत यायचा. आज हसू येतं. पण मायक्रोफोन नाही, विजेचे दिवे नाहीत आणि समोर मोठा समुदाय, अशा ठिकाणी पात्र आलं आणि ते कोण आहे, हे पहिल्या क्षणात कळणं गरजेचं होतं. कुठलीही शैली जुनाट वाटली की ती कुठल्या अडचणीचं उत्तर होती, हे आधी विचारा.

करून बघा : तुमचा मुलगा एकही शब्द न बोलता प्रवेश करतो. चाल आणि खांदे एवढ्यावरून मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळलं पाहिजे, की हा रिकाम्या हाताने परत आलाय.

यानंतर दोन सांगलीकर नाटककार शेजारी शेजारी ठेवून अभ्यासा. इतकी चांगली जोडी क्वचित मिळते. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, म्हणजे सांगलीच्या बाहेर पडलं की संगमाकाठी लागणाऱ्या गावचे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीतच जन्मले, १८७२ मध्ये. देवलांचं 'शारदा' १८९९ चं, खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. आठच वर्षांचं अंतर, पण वाक्यं अगदी वेगवेगळ्या जातीची. देवलांची माणसं घरात बोलावं तसं बोलतात. वाक्य छोटं, समोरच्याला चिकटलेलं, उत्तराची वाट बघणारं. खाडिलकरांचं वाक्य पायऱ्या चढत जातं, एकामागून एक पोटवाक्य येतं आणि शेवटच्या पायरीवर आघात होतो. 'कीचकवध'वर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. ते बोलणं रंगमंचावरच्या पात्राशी असलं तरी प्रेक्षागृहासाठी होतं, हे सरकारला बरोबर कळलं होतं.

दोन्ही नाटकांतलं एकेक पान मोठ्याने वाचा. वाचताना श्वास कुठे घ्यावा लागतो, तिथे पेन्सिलने खूण करा. देवलांच्या पानावर खुणा पसरलेल्या दिसतील. खाडिलकरांच्या पानावर त्या दूर दूर असतील आणि तुमची छाती भरून आलेली असेल. आता आपला उतारा दोन्हींत करा. देवलांच्या पद्धतीने करताना प्रत्येक वाक्यानंतर आबांच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि त्यांनी काही न बोलल्यामुळे पुढचं वाक्य निघायचं. खाडिलकरांच्या पद्धतीने करताना अंग प्रेक्षकांकडे मोकळं ठेवायचं, "तीन महिने झाले"पासून एकेक पायरी चढायची आणि "कुठल्या सोमवारी" हा सगळ्या व्यवस्थेला केलेला सवाल करायचा. लाज वाटेल. वाटू द्या, पण अर्ध्यावर सोडू नका. अर्धवट केलेली मोठी शैली फार केविलवाणी दिसते. पूर्ण ताकदीने केली की सोबती हसायचा थांबतो.

बालगंधर्व सांगली जिल्ह्यातल्याच नागठाण्याचे, जन्म १८८८ चा. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐका, ती सहज मिळतात. गाणं हा संवादाचाच पुढचा भाग कसा होतो, शब्द सुरात बुडू न देता कसा ठेवला जातो, यावर कान ठेवा. गाता येत नसेल तरी ऐका.

पायरी ४ : तमाशा

तमाशाला शाळेत जागा नाही आणि शहरी शिबिरांत त्याला "लोककला" म्हणून शेवटच्या दिवशी एक तास मिळतो. हे मला पटत नाही. प्रेक्षकांशी थेट बोलणं, आयत्या वेळी भर घालणं आणि विनोदाची वेळ साधणं या तीन गोष्टींसाठी यापेक्षा चांगली तालीम मला माहीत नाही.

आपला भाग तर त्याचं माहेरच. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. लोकनाट्याला नवं वळण देणारे अण्णा भाऊ साठे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. यात्रांच्या हंगामात एखादा फड गाठा आणि शक्यतो पुढे बसा. गण (गणेशाचं स्तवन), गवळण (कृष्ण-गवळणींचा खेळ), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य) असा क्रम लक्षात ठेवा. गवळणीत मावशी आणि बतावणीत सोंगाड्या काय करतात, ते बारकाईने बघा. सोंगाड्या राजाशी बोलता बोलता वळून प्रेक्षकांतल्या कुणाला तरी टोमणा मारतो आणि दुसऱ्या क्षणी परत दरबारात असतो. या ये-जा करण्यात ढोलकीवाला आणि पाठीमागचे झिलकरी (मागे उभे राहून सूर धरणारे) त्याला साथ देतात. "मग काय झालं?" असं विचारणारा कुणीतरी लागतोच.

करून बघा : सोबत्याला झिलकरी करा. तुमच्या प्रत्येक वाक्यानंतर त्याने खोचक प्रश्न विचारायचा. "कुठल्या साहेबाने सांगितलं?" "खुर्चीत होता की बाथरूममध्ये?" तुम्ही उत्तर द्यायचं आणि उताऱ्याच्या पुढच्या वाक्यावर परत यायचं. पाच वाक्यांचा उतारा दहा मिनिटं चालला पाहिजे. अडकलात तर थांबू नका, अडकल्याचाच विनोद करा.

पायरी ५ : आतून बाहेर

आता वास्तववादाकडे. रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांनी १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर सुरू केलं आणि नटाच्या कामाला एक शिस्त दिली. त्यांचं लेखन के. नारायण काळे यांनी मराठीत आणलं आहे, वाचनालयात विचारा.

सुरुवातीला त्यांच्याकडून एवढंच घ्या. वहीत उताऱ्याखाली लिहा : मी कोण, आत्ता किती वाजलेत, कुठून आलो, घरात आणखी कोण ऐकतंय, मला आबांकडून काय हवंय आणि ते मिळण्यात आडवं काय येतंय. "मला दुःख दाखवायचंय" हे उत्तर चालणार नाही. दुःख ही करायची गोष्ट नव्हे. "आबांनी मला निष्क्रिय म्हणू नये", "आबांनी सावकाराकडे जाऊ नये", "आबांनी माझ्याबरोबर कारखान्यावर यावं" ही उत्तरं चालतील. तीनपैकी एक निवडा आणि उतारा करा. मग दुसरं घ्या. शब्द तेच राहून सगळा रोख बदलेल. सोबत्याला उत्तर आधी सांगू नका, त्याला ओळखायला लावा.

हाताला काम द्या. चप्पल काढणं, पाय धुणं, खिशातली पावती घडी घालून ठेवणं. कुठल्या शब्दावर हात थांबतो, हे पक्कं करा. स्तानिस्लावस्कीही उत्तरकाळात शारीर कृतीवरच जास्त भर देऊ लागले होते.

'मेथड' हा शब्द इथे येतोच, म्हणजे स्तानिस्लावस्कींच्या कामातून पुढे अमेरिकेत निघालेली अभिनयपद्धत. न्यूयॉर्कमध्ये अभिनय शिकवणारे ली स्ट्रासबर्ग यांनी स्वतःच्या आठवणीतली भावना जागी करण्यावर जोर दिला. स्टेला अॅडलर १९३४ मध्ये पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कींना भेटून आल्या आणि आठवणींपेक्षा प्रसंगाची परिस्थिती व कल्पनाशक्ती महत्त्वाची, असं मांडू लागल्या. दोघांचा वाद शेवटपर्यंत राहिला. मी अॅडलरच्या बाजूचा. घरात नुकतं काही घडलं असेल तर ते उकरून रडणं हा सराव करू नका, शिकवणाऱ्याने सांगितलं तरी. पंधरा दिवस न जेवता भूमिका "जगण्याच्या" गोष्टी मुलाखतींपुरत्या ठीक आहेत.

डॉ. श्रीराम लागू साताऱ्यात जन्मले (१९२७). ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. त्यांचं चित्रित झालेलं काम बघताना बोलण्याआधीचा विचार कसा दिसतो, ते टिपा. वाक्य तोंडात येण्याआधी डोळ्यांत येतं.

पायरी ६ : दाखवणं आणि जगणं

विश्रामबाग चौकात दोन मोटरसायकली घासल्या आणि तिथला एक जण जमलेल्या लोकांना सांगतोय : "हा असा आला, त्याने असा ब्रेक मारला." तो स्वार होत नाही, स्वार कसा वागला ते दाखवतो, आणि चूक कुणाची हेही त्याच्या दाखवण्यातून कळतं. जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त (१८९८–१९५६) यांनी आपल्या रंगभूमीचा नमुना म्हणून रस्त्यावरच्या अपघाताच्या अशाच साक्षीदाराचा दाखला दिला आहे. प्रेक्षकाने वाहून न जाता विचार करावा, हा त्यामागचा हेतू. पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' ब्रेख्तच्याच नाटकावरून आलं. तमाशा आधी बघितला असेल तर हा परदेशी माणूस तुम्हाला फार परका वाटणार नाही.

करून बघा : उतारा "तो म्हणाला" लावून करा. "मुलगा म्हणाला, आबा, ऊस जाऊन तीन महिने झाले. हे म्हणताना त्याने खाली बघितलं." मग "तो म्हणाला" काढून टाका, पण ती अलिप्तता राहू द्या.

पायरी ७ : कॅमेरा

कॅमेऱ्यापुढे "कमी करायचं" असं सगळे सांगतात. त्यामुळे मुलं भावनाच कमी करतात आणि पडद्यावर काहीच घडत नाही. विचार तेवढाच तीव्र ठेवायचा, फक्त तो पोचवायचं अंतर बदलायचं. मैदानावर समोरचा हाकेच्या अंतरावर होता, आता हातभर अंतरावर आहे.

सोबत्याला मोबाइल द्या आणि उतारा तीनदा चित्रित करा : पूर्ण अंग, कमरेपर्यंत, फक्त चेहरा. आवाज बंद करून बघा. चेहऱ्याच्या शॉटमध्ये भुवया नाचत असतील, मान दर शब्दाला हलत असेल. हे बघून कळतं, सांगून कळत नाही.

मग तांत्रिक शिस्त. एकच प्रसंग आधी सलग आणि मग जवळून, समोरच्याच्या खांद्यावरून असा अनेकदा घेतात. पहिल्या वेळी "बिलाचं" म्हणताना उजव्या हाताने टोपी काढली असेल, तर प्रत्येक वेळी त्याच शब्दावर, त्याच हाताने काढायची. नाहीतर संकलकाला तुमचा सर्वात चांगला तुकडा टाकून द्यावा लागतो. मार्कवर, म्हणजे जमिनीवर ठरवून दिलेल्या खुणेवर, खाली न बघता येऊन थांबणं, लेन्सच्या कुठल्या बाजूला बघायचं ते पाळणं आणि शेवटच्या क्लोजअपसाठी ताकद राखणं हे घरीच जमवा. जमिनीवर चिकटपट्टी लावा, पुरते. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाच्या आधी पात्र कुठून आलं, हे एका ओळीत लिहून खिशात ठेवायची सवय लावा. मालिकांत संवाद अनेकदा त्याच दिवशी हातात येतात. पायरी १ मधलं सपाट पाठांतर तिथे उपयोगी पडतं.

वाई, मेणवली या भागांत चित्रीकरणं होत असतात. गर्दीतलं काम मिळालं तर एकदा करा. पैशासाठी नको, ताटकळण्याची ओळख व्हावी म्हणून. आठ तास थांबून नवव्या तासाला ताजं राहणं हेही शिकावं लागतं.

पायरी ८ : लोकांसमोर

कॉलेजात असाल तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नका. एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, पथनाट्य, प्रत्येकाची शैली वेगळी आहे. नोकरी करत असाल तर राज्य हौशी नाट्यस्पर्धेला उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत जा. पहिल्या वर्षी भूमिका मागू नका. प्रॉम्पटिंगला (आडून संवाद सुचवायला) किंवा प्रकाशयोजनेला हातभार लावा. एकच नाटक पन्नास तालमींत बघताना जे दिसतं, ते प्रेक्षकाला कधी दिसत नाही. स्पर्धेच्या काळात सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात इतर संस्थांचेही प्रयोग बघा, फसलेले तर नक्की बघा.

पुढे रीतसर शिकायचं असेल तर जवळचं ठिकाण म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग. त्यानंतर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, पडद्यासाठी पुण्यातलीच फिल्म इन्स्टिट्यूट, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. दिल्लीसाठी पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही लागतात, म्हणून आत्तापासून केलेल्या प्रत्येक प्रयोगाची जाहिरात, कात्रण, प्रमाणपत्र जपून ठेवा.

भूमिका देतो म्हणून नोंदणी, कार्ड किंवा फोटोंसाठी आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. खरं काम देणारा तुम्हाला पैसे देतो. ऑडिशन कुणाच्या खोलीवर असेल तर एकट्याने जाऊ नका, मुलीने आणि मुलानेही.

आजकाल पहिली ऑडिशन घरूनच पाठवायची असते. मोबाइल आडवा धरा, सपाट भिंतीपुढे, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल असे उभे राहा आणि छातीपासून वर दिसू द्या. आधी नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा. उतारा करताना सोबत्याला लेन्सच्या अगदी शेजारी बसवा आणि त्याच्याशी बोला, लेन्सशी नको. त्याने आपली वाक्यं हळू आवाजात म्हणावीत, तो मोबाइलच्या जवळ असल्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो. फाइलला तुमचं नाव आणि भूमिकेचं नाव द्या. "फायनल नवीन दोन" या नावाची फाइल कुणी उघडत नाही.